पक्क्या गोंदाचं स्टिकर

३ जून
नव्या टॉर्चच्या खोक्यावरचा मजकूर लिहून दिला. एलईडीचं नाव, कंपनीसकट, ठळक अक्षरांत. ट्रेकवाले म्हणे एलईडीचं नाव बघूनच घेतात. मालक म्हणाले, माल उठला की मार्केटिंग मॅनेजर तुम्हीच. वर्षभराची खोकी छापायला टाकली. येताना दारासाठी पितळी नेमप्लेटही करायला टाकली, हुद्द्यासकट. बायको म्हणाली, अहो, आधी होऊ तर द्या. हिला दूरदृष्टी नाही.

११ जून
परचेसवाला सांगत आला, तो एलईडी बाजारातच नाही. गाड्या बनवणाऱ्यांनी सगळा उचलला. दुसरा मिळालाय, उजेड जरा कमी. म्हटलं, घाबरतोस काय? नावावर स्टिकर मारू: 'जागतिक दर्जाचा एलईडी'. गोंद मात्र एक नंबर आणायला सांगितला. क्वालिटीत तडजोड नाही.

१९ जून
दुसराही संपला. तिसरा पिवळट. जुन्या स्टिकरवर नवं: 'डोळ्यांना सुखावणारा उजेड'. मालक खूश. नेमप्लेट दारावर लागली. सासरेबुवांना मुद्दाम चहाला बोलावलं. त्यांनी ती दोनदा वाचली आणि चहा मागितला. जळले असतील.

२६ जून
आता मिळेल तो एलईडी बसतोय, एकाच लॉटमध्ये तीन तऱ्हा. नाव, रंग, उजेड, काहीच लिहायचं नाही असं ठरवलं. सगळ्यावर एकच स्टिकर: 'निवडक एलईडी'. परचेसवाला म्हणाला, निवडला कोणी? मिळाला तो घेतला. भाषेची जाणच नाही.

३० जून
मूळ एलईडी आला! मालक म्हणाले, उद्या डीलर येणार, सगळी स्टिकरं काढा. निघता निघेनात. खोकंच फाटतं. चाळीसेक खोकी घरी आणली. बायको, सासरेबुवा, ओली फडकी. सासरेबुवा म्हणाले, गोंद उत्तम आहे हो. चला, एकदाचं कौतुक झालं.

१ जुलै
डीलरांसमोर मालकांनी हॉलमधले दिवे बंद करून टॉर्च लावले. एक पांढरा, एक निळसर, एक पिवळा. नवा-जुना माल कधीच मिसळला होता. मी म्हटलं, व्हरायटी आहे. डीलर पोट धरून हसले आणि ऑर्डर न देता गेले.

४ जुलै
मॅनेजरची जागा परचेसवाल्याला मिळाली. मालक म्हणाले, त्याने निदान स्टिकरं तरी लावली नाहीत. मला एकेक खोकं उघडून टॉर्च लावून बघायचं काम. म्हणजे क्वालिटी कंट्रोल. बढतीच म्हणायची.

घरी आलो तर नेमप्लेटवर माझ्या नावाखाली, हुद्द्याच्या जागी, उरलेलं स्टिकर: 'निवडक एलईडी'. बायको म्हणाली, बाबा येतायत, असू द्या. फार लागलं मनाला. नखाने खरवडून पाहिलं. गोंद खरंच एक नंबर आहे.