कपाटामागची भिंत

प्रिय धाकटे,

फोनवर तुझं एकच विचारणं, विम्याचं काय झालं? बाबा शेजारी बसून मध्येच दुरुस्त्या करतात, मला धड सांगता येत नाही. म्हणून लिहायला बसले.

पुराचं पाणी गुडघ्याच्या वर चढलं नाही, ही देवाची कृपा. ओसरलं त्याच दुपारी मी खिडक्या सताड उघडल्या, गाद्या बाहेर टाकल्या, तीन दिवस पंखे चालू ठेवले. बाबा म्हणाले, विजेचं बिल विमा कंपनी भरणार का? पण तेच कामी आलं. तरी आठवड्याने बैठकीच्या खोलीत काळे ठिपके उमटलेच. पॉलिसीत बुरशी हा शब्द शोधून मी थकले. माझं शिक्षण मॅट्रिक आणि त्यांचं अक्षर मुंगीएवढं. शेवटी नुकसान बघायला आलेल्या कंपनीच्या सर्व्हेअरने समजावलं. पुराच्या पाण्याने आलेली बुरशी आपल्या पॉलिसीत धरतात, पण घरच्यांनी लगेच वाळवायची धडपड केलेली हवी. घर कोंडून ठेवलं तर नाही, आणि पुराआधीची असेल तर मुळीच नाही. माणूस भला होता, फक्त नाकावरचा रुमाल काही काढेना. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर त्याने मान्य केलं. राहिली तुझी खोली.

तिथलं कपाट तो यायच्या आदल्या दिवशीच मी आणि बाबांनी पुसायला म्हणून ओढलं होतं. ते तिथे कसं गेलं, तुला ठाऊक आहे. भिंतीला ओल आहे, वास येतो, छातीत घरघरतं, असं तू शाळेत असल्यापासून सांगायचीस. गवंड्याने गिलावा काढायचा खर्च सांगितला आणि मी भिंतीपुढे कपाट उभं केलं. भिंत झाकली, पैसे वाचले. परीक्षा आली की आमच्या हिला खोकला येतो, असं आल्या-गेल्याला हसून सांगितलं.

कपाटामागच्या भिंतीवर, कडेने हात जाईल तिथे, पेन्सिलीच्या रेघा होत्या. आधी वाटलं, तुझ्या उंचीच्या. पण त्या तर दारामागे आहेत. या बुरशीच्या होत्या. ती कुठवर चढली, त्याची रेघ आणि शेजारी तारीख, तुझ्या बारीक अक्षरात. सहा वर्षांच्या. शेवटची माझ्या डोक्याच्याही वर. ती तारीख मी ओळखली. नोकरीचं निमित्त करून तू भाड्याच्या खोलीत राहायला गेलीस, त्याच्या आदल्या दिवसाची.

माझ्या हातात ओलं फडकं होतं. बाबा म्हणाले, पूस की, पेन्सिलच तर आहे, आणि पुरात सगळ्या भिंती सारख्याच. मी फडकं पिळून दांडीवर टाकलं. दुसऱ्या दिवशी सर्व्हेअरने विचारलं, ही आधीची का हो? बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, आधीची, तारखा लिहिल्यात, वाचा. त्याने सगळ्या वाचल्या आणि कागदावर त्या खोलीपुढे काट मारली. दोन दिवस बाबा मला 'खऱ्याची आई' म्हणून हाक मारत होते. तिसऱ्या दिवशी मात्र स्वतःच जाऊन गवंड्याला घेऊन आले.

गिलावा विटांपर्यंत काढलाय. आत जुना नळ ठिबकत होता, इतकी वर्षं. गवंडी म्हणतो, भिंत वाळायला महिना लागेल. घाई नाही.

एक गोष्ट मला राहून राहून टोचते. एका परक्या माणसाने तुझ्या सहा रेघा वाचल्या आणि लगेच विश्वास ठेवला. मी तुझी आई, रोज तो खोकला ऐकला आणि ठेवला नाही. तुझी चूक नव्हती, नाटक नव्हतं, ओल होती. हे लिहायचं होतं, विम्याचं तर निमित्त. रंगारी मी थांबवून ठेवलाय. आधी तू ये, भिंतीशी नाक लावून बघ. वास येतो म्हणालीस तर पुन्हा खणू. कपाट देऊन टाकलं आहे.

उशिरा ऐकू येणारी, पण तुझीच,
आई