गाळलेलं वाक्य

गोरेगाव, मंगळवार, दिवेलागणीला

आज माझीच मला लाज वाटली. शेजारची भागाबाई निरोप लिहून घ्यायला आली होती. नवरा मेंढरं घेऊन वाशीमकडं गेलाय. फोनवर बोललं की त्याच्या सोबतचे ऐकतात, म्हणून ती माझ्याकडून मोबाईलवर लिहून घेते. त्याला वाचता येतं, तिला लिहिता-वाचता येत नाही.

"लिवा बाई. कोकरू उभं राहून राहिलं. मला तुमच्याबिगर करमून न्हाई राहिलं. पोळ्याला या."

मधलं वाक्य मी लिहिलंच नाही. तिथं तीन टिंबं दिली. का? संकोच तिला नव्हताच, मला होता.

तिनं नेमकं तिथंच बोट ठेवलं. "हे ठिपके कशाचे?"

"काही गाळलं की देतात."

"काय गाळलं?"

सांगावं लागलं.

"काहून? तेच तर सांगायचं व्हतं. कोकराचं काय, ते उभं राहनारच."

ते वाक्य लिहून दिलं.

तीस वर्षं शाळेत पोरांना बजावत आले, टिंबं तीनच, तीही खरंच काही गाळलं असेल तरच. ती गेल्यावर परगावी असलेल्या माझ्या मुलाला रोज पाठवते ते निरोप उघडले. 'जेवले. बरी आहे...' काल तेच, परवा तेच. टिंबांच्या नियमानं एकही चुकलेला नाही, दर वेळी काही गाळलेलंच होतं. पण काय गाळलं, हे त्यानं कधी विचारलं नाही.

आज टिंबं पुसून लिहिलं, 'तुझ्याबिगर करमत नाही.' 'बिगर' हा शब्दही भागाबाईचाच घेतला.

अजून पाठवलेलं नाही. उद्या भागाबाई आली की बटण तिलाच दाबायला सांगेन.