पंखाखालचे पाय

धाकटीच्या बाबांना, दुरूनच नमस्कार.

मी ठणठणीत आहे. तळ्यावर पक्षी मोजणाऱ्यांचा स्वयंपाक करते, खाऊन-पिऊन सुखी.

इथे कमळपक्षी आहे. लांब बोटांनी पानांवरून चालतो. पक्ष्यांचे मास्तर म्हणाले, "बाई, तरंगती पानं असली की हा दूरदूरच्या तळ्यांतही सापडतो. मादी अंडी घालून निघून जाते, पिल्लं बापच वाढवतो." मी म्हटलं, "मग आमच्याच घरासारखं की!" सगळे हसले. मला हसू आलं नाही.

धोका दिसला की बाप पिल्लं पंखाखाली घेऊन पळतो. पिल्लांचे नुसते पाय लोंबताना दिसतात. काल सहा मोजले, आज चारच. माझी भाजी करपली.

तुमच्या पत्रात थोरलीची शाळा आहे, म्हशीचं दूध आहे. धाकटीचा ताप उतरला का, त्याचं एक अक्षर नाही. मी घाबरेन म्हणून लपवता? गप्प बसलात की जास्त घाबरते, एवढं कसं कळत नाही हो?

धाकटीच्या पायाच्या तळव्याला शाई लावून ठसा पाठवा. निघताना घेतलेला तिचा ठसा माझ्यापाशी आहे, ताडून बघेन; थोरलीचा खपवू नका. लगेच पाठवा.

ठसा बघेपर्यंत जिवात जीव नसलेली,
पोरींची आई