डाव्या चाकाची आतली कड

कारा-बाल्टा,
सप्टेंबरचा दुसरा आठवडा

प्रिय शार्शेन बाइके,

'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, आणि 'बाइके' तू आहेसच. थोरला भाऊ काही पुसून टाकता येत नाही. पण आयुष्यभर तुला 'तुम्ही' म्हणत आले ते या पत्रात जमणार नाही. तू खोलीत आलास की उठून उभी राहायचे, चहाची पहिली वाटी तुझ्यापुढे ठेवायचे. आज बसूनच लिहिते आहे. फोन केला नाही, कारण 'गिऱ्हाईक आलंय' म्हणून तू तो मधेच ठेवतोस. पत्र निदान उघडून तरी पाहशील. फाडून टाकलंस तर याची दुसरी प्रत माझ्याजवळ आहे.

तुझं उत्तम चाललंय असं ऐकते. घराला नवं लोखंडी फाटक बसवलंस, मागच्या अंगणात जॉर्जियाहून आलेल्या जुन्या गाड्यांची रांग लागलेली असते. इथलं तू विचारणार नाहीस, तरी सांगते. तुझा भाचा कुबात माझ्याकडेच आहे. शाळेची नोकरी सोडली. दिवसभर माझ्या गॅरेजात, गाड्यांची चाकं सरळ करायच्या खड्ड्याशी बसून पाने पुसतो, जे पाने आधीच स्वच्छ असतात. बाजारात चालत जातो, चालत येतो, मिनीबसमध्येसुद्धा बसत नाही. माझी सून झिबेक जूनपासून तलासला तिच्या वडिलांच्या घरी आहे. तिच्या वडिलांचं म्हणणं एकच, की ज्याने वेगाच्या नादात आपलं मूल मारलं त्याच्या घरी मुलगी परत पाठवणार नाही. हे शब्द त्यांना कुणी दिले ते तुला ठाऊक आहे. त्यावर पुढे येते.

आधी आपल्या वडिलांचं बोलते, कारण तू त्यांना विसरल्यासारखा वागतोस. ते सामुदायिक शेताच्या गॅरेजात होते तेव्हा आपल्या दोघांना जुन्या टायरांपुढे बसवायचे आणि डोळे मिटायला लावायचे. तळवा टायरवर ठेवायचा आणि बाहेरून आत न्यायचा, मग आतून बाहेर आणायचा. आत नेताना करवतीसारखं खरखरलं आणि बाहेर येताना मऊ लागलं, तर चाकांची तोंडं बाहेर फाकलेली आहेत. आतली कड गुळगुळीत झाली असेल तर चाक वरून आत झुकलंय. दोन्ही दोष एकाच चाकाला असतील तर त्या गाडीला कुठेतरी जबर मार बसलाय, नुसते बोल्ट फिरवून ती सरळ व्हायची नाही. मी दहातल्या सात टायरांचं बरोबर सांगायचे. तू दहाच्या दहा सांगायचास. वडील म्हणायचे, पोराचा हात देवाने दिलाय. तू तो हात घेऊन बिश्केकला गाड्या विकायला गेलास आणि खड्डा माझ्याकडे राहिला. मग आल्यागेल्याला सांगत सुटलास, की बाईच्या हातात पाना शोभत नाही. शोभत नसेल, पण खिंड उतरून येणारे ट्रकवाले पंचवीस वर्षं माझ्याकडेच थांबतात. तेव्हा तुला कळलं नसेल, लक्षात आलं नसेल, घाईत राहून गेलं असेल, असलं काही मला ऐकवू नकोस.

गेल्या सप्टेंबरात कुबातचं लग्न झालं आणि तिसऱ्या दिवशी सगळा गोतावळा तुझ्या अंगणात जेवायला होता. आपली रीतच आहे, भाच्याने मामाच्या घरी ज्या जनावरावर हात ठेवला ते त्याचं. आपल्या आजोबांनी अशीच दोन घोडी गमावली आणि वर हसले. आता अंगणात घोडी नाहीत, गाड्या आहेत. कुबात हसत हसत रांगेतून गेला आणि पांढऱ्या गाडीच्या टपावर हात ठेवून म्हणाला, "मामा, ही." तुझा चेहरा पाहिला मी. क्षणभर उतरला. सगळ्यांना वाटलं, महागाची म्हणून जीव खालीवर झाला. बाजूला दोन धड गाड्या उभ्या होत्या. 'ही नको, ती घे' एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं असतं तर मामा कद्रू ठरला असता, आणि नको का, हे त्या गर्दीतल्या चार गिऱ्हाइकांपुढे सांगावं लागलं असतं. म्हणून तू छाती काढून किल्ली दिलीस. टाळ्या मिळाल्या. मेंढा कापला, म्हाताऱ्यांनी तळवे पसरून आशीर्वाद दिला आणि मेंढ्याचं रक्त चारी चाकांना लागलं. झिबेकने स्वतः शिवलेला चामड्याचा तिकोनी ताईत स्टीअरिंगच्या दांड्याला बांधला, खाली, कुणाला दिसणार नाही असा. दुसऱ्या दिवशी दोघं तलासला गेली, त्याच्या शाळेवर.

मे महिन्यात झिबेकला सातवा महिना लागला म्हणून कुबात तिला शहरातल्या डॉक्टरला दाखवायला आणत होता. खिंडीतल्या बोगद्यातून बाहेर पडून उतार लागला आणि तिसऱ्या वळणावर पुढचं डावं टायर आतून फुटलं. गाडी डावीकडे, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला ओढली गेली आणि दगडांवर आदळली. झिबेक वाचली. मुलगी वाचली नाही. हो, मुलगी होती, तू कधी विचारलं नाहीस म्हणून सांगते. पोलिसाने वेग असं लिहिलं, कारण तेच लिहायला सोपं असतं. पण तुझं काय? तू आमच्या घरी दुखवट्याला आलास, मटणाला हात लावलास आणि भरल्या घरात, झिबेकच्या वडिलांच्या समोर म्हणालास, "पोराला गाडी दिली. आता अक्कल कुठून देऊ?" कुबात दाराशी उभा होता, हात गळ्यात बांधलेला. त्याने मान खाली घातली आणि अजून वर केलेली नाही. जाताना म्हणालास, मोडलेली गाडी मी नेतो, तुमच्या डोळ्यांसमोर नको. आम्ही तुझे आभार मानले. माझ्याच तोंडाने मानले, त्याची आज किळस येते.

तीन आठवड्यांपूर्वी सोकुलुकची एक नर्स माझ्याकडे आली, अनारकान नावाची. निळी गाडी, मागच्या सीटवर दोन पोरं. गाडी डावीकडे ओढते म्हणाली, जूनमध्ये नवं घातलेलं टायर आत्ताच संपलं म्हणाली. मी गाडी खड्ड्यावर घेतली आणि पुढच्या डाव्या चाकावर तळवा ठेवला. आत नेताना खरखर, बाहेर येताना मऊ, आणि आतल्या कडेला तारा उघड्या पडलेल्या. बोल्ट शेवटापर्यंत फिरवला तरी चाक सरळ होईना. चाकावरचा पत्रा खरवडला तर निळ्याखाली पांढरा रंग, आणि त्याखाली वेल्डिंगचा जाड सांधा, दोन गाड्यांची अर्धी-अर्धी अंगं जोडलेला. म्हणजे गाडी तुझ्या अंगणात पांढरी उभी होती तेव्हाच ती जोडलेली होती. मग मी आत वाकून स्टीअरिंगच्या खाली हात घातला. ताईत तिथेच होता. तुझ्या माणसांनी अख्खी गाडी रंगवली, पण खाली वाकायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. अनारकानला मी विचारलं, कुणाकडून घेतली. तिने तुझं नाव सांगितलं, आणि तू किती भला माणूस आहेस तेही सांगितलं. तिची गाडी मी ठेवून घेतली आहे. तिला धड गाडी तू देणार आहेस, आणि भाच्यासारखी तिला रांगेतून निवडू देणार आहेस. फरक एवढाच, की या वेळी चारी चाकं आधी मी पाहीन.

आता तुला वाटत असेल, कानिशाय सगळं खापर माझ्यावर फोडून मोकळी झाली. मोकळी होता आलं असतं तर हे पत्र एका पानात संपलं असतं. त्या दिवशी तुझ्या अंगणात चाकांना रक्त लावणारा हात माझा होता. पुढची दोन्ही टायरं चांगली होती. मागच्या डाव्या चाकाला लावताना बोटं आतल्या कडेपर्यंत गेली आणि तळव्याला करवत लागली. मागच्या चाकाला असली झीज येत नाही. ते टायर पुढचं होतं, तू ते मागे टाकलं होतंस आणि पुढे चांगलं घालून दोष झाकला होतास; मेपर्यंत तेही तसंच झिजलं. बसल्या जागेवरून मी मान वर करून तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडेच पाहत होतास. मग तू तोंड फिरवलंस आणि कुणाला तरी चहा हवा का विचारलंस. ऐंशी माणसं होती, बाइके. मामाने दिलेल्या घोड्याचा खूर उचलून पाहत नाहीत, आणि बहिणीने तर मुळीच नाही. मी हात धुतला. मार्चमध्ये नवरोजच्या सणाला दोघं घरी आली तेव्हा मी कुबातला म्हटलं, गाडी जरा खड्ड्यावर घे. 'आपा' म्हणत, आईला समजावत तो हसला. "आपा, मामाला कळलं तर? त्याची इज्जत तुझ्या खड्ड्यात उतरवायची का?" मी चहा ठेवायला वळले. दहा मिनिटांचं काम होतं. पंचवीस वर्षं परक्या ट्रकांची चाकं तपासणाऱ्या बाईने पोटच्या पोराचं चाक तपासलं नाही, का तर भावाचा मान राहावा. तुझ्या मानाचं तू काय केलंस ते दुखवट्याला पाहिलं. तुझा मला राग येतो, इतका की तुझं नाव घेतलं तरी दात करकरतात. पण त्याच्या खाली माझा स्वतःचाही आहे, आणि तो तुझ्यावर काढून संपत नाही.

म्हणून हे लिहिते. येत्या रविवारी मी तलासला जाणार आहे, व्याह्यांच्या घरी. ताईत आणि अनारकानच्या गाडीचं ते झिजलेलं टायर सोबत असेल. झिबेकच्या वडिलांपुढे बसून माझ्या तळव्याला काय कळलं होतं ते मी सांगणार आहे. मग त्यांनी दारातून हाकललं तरी चालेल. तुझा वाटा मी सांगणार नाही. तो तू येऊन तुझ्या तोंडाने सांगायचास, ज्या तोंडाने अकलेचं बोललास त्याच तोंडाने, त्याच माणसापुढे. सकाळी आठला माझ्या खड्ड्यापाशी ये, कुबात मागच्या सीटवर असेल. यायला तयार आहे तो. त्याला मी काल सगळं सांगितलं, तुझं आणि माझं. वाटलं होतं, पाना फेकून मारेल. मारायला हवा होता. तो बराच वेळ पाना पुसत राहिला आणि मग, चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून त्याने एवढंच विचारलं, "आपा, म्हणजे मी सावकाशच चालवत होतो ना?" मी हो म्हटलं, पण माझं हो त्याला पुरलं नाही. रविवारी तो तुला विचारणार आहे.

तुझीच बहीण, दुर्दैवाने,
कानिशाय