उजव्या पायातलं हृदय

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (वाकूनच करणार होतो, पण पाय सध्या माझ्या ताब्यात नाहीत. ते तुझ्या भावजयीच्या मांडीवर आहेत आणि त्यांना तेल लागलं आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला, की अजून फोनवर त्यांच्याआधी तोच बोलतो? इकडे सगळे, म्हणजे आम्ही दोघंच, ठीक.

पत्रास कारण, पाय. लेक लग्न होऊन गेली आणि घर कसं गप्प झालं होतं, ते तू पाहिलंसच. मी छापखान्यातून यायचो, जेवायचो, टीव्हीपुढे बसायचो. ही घासलेली भांडी पुन्हा घासायची. खरं सांगतो, मला धास्ती वाटायला लागली होती. मग कुणाच्या तरी नादाने हिने रिफ्लेक्सॉलॉजीच्या वर्गात नाव घातलं. तळपायावर अख्खं शरीर असतं म्हणे. अंगठ्यात डोकं, खळग्यात पोट, टाचेपाशी कंबर. नेमक्या जागी दाबलं की मन शांत, झोप गाढ आणि स्वभाव गोड. (तिसरं अजून आमच्यापैकी कुणात दिसलेलं नाही.) सराव कुणावर करायचा, हे विचारायची आपल्या घरात पद्धत नाही. शेजारीण गुदगुल्या होतात म्हणून सुटली, दूधवाला घाईत असतो, मी आयता सापडलो. रोज संध्याकाळी ही दाबते आणि विचारते, इथे दुखतंय का? नाही म्हटलं तर जोर वाढतो, हो म्हटलं तर मूत्रपिंड बिघडल्याचं ठरतं. म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पण तोंडावर तेज आलंय गं तिच्या. दाबता दाबता बोलते, हसते, मलाही बोलायला लावते. परवा आम्ही लेकीच्या लहानपणच्या गोष्टी काढून बसलो, तर टीव्ही लावायचाच राहिला.

आता खरं दुखणं सांगतो. तिच्या पुस्तकातला तळपायांचा नकाशा फार बारीक होता, म्हणून मीच मोठ्या ऐटीत छापखान्यात मोठा करून आणला. छपाईची फिल्म उलटी लागली. नावं मी नव्याने टाकली होती, त्यामुळे अक्षरं सुलटी आणि चित्र उलटं. हृदय गेलं उजव्या पायात, यकृत आलं डाव्यात. लॅमिनेशन करून भिंतीवर ठोकल्यावर माझ्या ध्यानात आलं. जन्मभर लोकांच्या लग्नपत्रिकांतल्या चुका काढल्या आणि घरच्या कामात ही माती खाल्ली. तेव्हापासून माझा उजवा पाय हृदय म्हणून दाबला जातोय. त्यातून अपमान असा, की मला झोप उत्तम लागते.

पुढच्या आठवड्यात तिची परीक्षा आहे. हृदय कुठे, असं विचारलं की ती माझ्या भरवशावर उजवा पाय धरणार. चारचौघांत तिचं हसं होईल आणि ती परत त्या भांड्यांकडे जाईल. ते मला बघवणार नाही. सांगायला जातो आणि मुकाट पाय पुढे करून बसतो. ती रागावली तर निभावेन, पण गप्प झाली तर काय करू?

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम हे, की तू दोन दिवस येऊन जा. नर्स म्हणून उभा जन्म दवाखान्यात काढलास, तुझं ती ऐकते. चहा पिता पिता सहज भिंतीकडे बघ आणि दचक. चूक छापखान्यातल्या कामगाराची, असं म्हण. (छापखान्यात मी सोडून कामगार नाही, हे तिच्या लक्षात यायचं नाही.)

ता. क. दुसरं. तेलकट पायांनी बाहेर जाता येत नाही, म्हणून पाकीट टपालात टाकायला तिच्याच हाती देतोय. काळजी नको, ती दुसऱ्याची पत्रं वाचत नाही.

वन्सं, नमस्कार. वाचलं. तो नकाशा मी कधीच वर्गात नेऊन दाखवला होता, आमच्या बाई हसून हसून बेजार झाल्या. बरोबर नकाशा माझ्या कपाटात साड्यांखाली आहे, सगळा पाठ आहे, परीक्षेची चिंता नको. घरी मात्र मी चुकीचाच पाय धरते. चूक ह्यांची आहे ना, म्हणून निमूट बसतात आणि माझ्याशी बोलतात. भिंतीवर सुलटा नकाशा लागला, की हे सुटले आणि टीव्हीपुढे जाऊन बसले. तुम्ही जरूर या, हवे तितके दिवस राहा. भिंतीकडे तेवढं बघू नका.