हिराच्या नवऱ्याचा अंगठा

निफाड, सोमवार, १२ फेब्रुवारी १९७९

डोकं अजून तापलेलंच आहे.

दिवाळी झाल्यावर हिरा आमच्या दवाखान्यात आली होती. तीन मुलं, धाकटं अजून अंगावर पिणारं. "नर्सबाई, मला पाळणा थांबवायची तांबी बसवून द्या, लय झालं आता," म्हणाली. डॉक्टर म्हणाले, आधी फॉर्मवर नवऱ्याचा अंगठा हवा. नवरा कोपरगावकडे ऊसतोडीला गेलेला. बाई एसटीने तिकडे गेली, दोन रात्री राहिली आणि पोराच्या वहीच्या कागदावर त्याचा अंगठा उठवून घेऊन आली. शाई जरा पसरली होती, पण अंगठा त्याचाच होता ना? डॉक्टर म्हणाले, साध्या कागदावरचा चालत नाही.

मग कोरा फॉर्म मीच तिच्याबरोबर का नाही दिला? तर म्हणे फॉर्म दवाखान्याबाहेर न्यायचा नाही. कोणी ठरवलं हे? मी कधी विचारलंसुद्धा नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी आणीबाणीत नसबंदीच्या ऑपरेशनचे आकडे भरायला माणसं जीपमध्ये कोंबून आणली, तेव्हा कोणाला विचारलं होतं?

आज ती पुन्हा आली. तिसरा महिना. म्हणजे अंगठा आणायला गेली, तेव्हाचंच.

वाटलं, भांडेल माझ्याशी. भांडली असती तर बरं झालं असतं. ती बाकावर टेकली आणि म्हणाली, "आता कोणाचा अंगठा आणू, बाई?"

मी गरोदरपणाचं कार्ड काढलं. नाव, वय, कितवी खेप, सगळं भरलं. अंगठ्याला त्यावर जागाच नव्हती.