जागा न लिहिलेला शंख

प्रिय बाबा,

आज तुमच्यावर मनापासून चिडले आहे, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं. रडून झालं, पण भांडायचं राहून गेलं होतं.

कॉलेजनं तुमची सगळी खोकी माझ्याकडे दिलीत. जन्मभर तुम्ही ब्रह्मपुरीला भूगर्भशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडंट होतात. सुटी मिळाली की रफीकचाचांच्या मोटरसायकलवर बसून पार वरोऱ्याकडच्या नाल्यांपर्यंत जायचात आणि दगड झालेल्या गोगलगायी पिशवीत भरून आणायचात. आई म्हणायची, "भाजी आणाले सांगतलं का दगड आणते हा माणूस." आता त्यांची जातवार नोंद करायचं काम माझ्याकडे आलं आहे.

जवळजवळ सगळ्या गोड्या पाण्यातल्या निघाल्या. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधीकाळी तळी होती, त्यातल्या. पण शेवटच्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, एक लांबट, मिरचीसारखा शंख सापडला. अंगावर बारीक उभ्या-आडव्या धारा. असा मी समुद्री शंखांच्या चित्रांतच पाहिला होता.

तोंडाची कड फुटलेली आहे, त्यामुळे नुसत्या आकारावरून जात ठरत नाही. ज्या थरातून निघाला तो थर पाहायला हवा. आणि तुम्ही जागाच लिहिलेली नाही! गाव नाही, नाला नाही, काहीच नाही. मला वहीवर नाव घालायला विसरले म्हणून रागावणारा माणूस तो हाच का?

रफीकचाचांकडे गेले. म्हणाले, "तुह्या बापानंच लिवणं सोडलं होतं. एकदा शहरातले साहेब आले, दगडावरची जागेची चिठ्ठी वाचून तिथी गेले, दगड नेले. छापून आलं त्यात याचं नाव नाई."

"पण मले काऊन नाई सांगतलं, चाचा?"

ते म्हणाले, "तो म्हणे इथी समुद्र होता, अन् तू हासली होतीस ना बाई. सगळ्यांसमोर."

हसले होते, बाबा. नुकतीच एमएस्सी झाले होते. तुमच्या मित्रांसमोर म्हणाले होते, "बाबा, हा समुद्र नाई, डबकं आहे." तुम्ही चहाचे कप उचलून आत गेलात. मला वाटलं विषय संपला. तुम्ही मनात धरून ठेवलात. एकदा रागावला असतात तर काय बिघडलं असतं? मी माफी तरी मागितली असती.

चाचांना तीन जागा आठवल्या. तिन्ही पाहिल्या. शंखाला चिकटलेला दगड पिवळट, वाळूचा, आणि तिथला सगळा काळा, गारगोटीसारखा. आणखी एक, चौथी जागा होती म्हणतात, पण ती कुठली ते चाचांना आठवत नाही.

काल आमचे विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, वरोऱ्याचा एखादा नाला टाका ना. कोण तपासाले जाते?"

खरं सांगते, पेन हातात घेतलं होतं. इकडे समुद्राचं पाणी आलं होतं, असं छापून आलं असतं, खाली तुमचं नाव असतं. पण लिहिता आलं नाही. जागेच्या रकान्यात "माहीत नाही" लिहिलं आणि घरी येऊन आईवर उगाच ओरडले. तिनं ताट वाढून दिलं.

बाबा, माझा राग अजून गेलेला नाही. पण एक वचन देते. धान निघालं, नाले आटले की मी आणि चाचा पुन्हा निघू. चाचांचे गुडघे दुखतात, गाडी मी चालवीन. पिवळा दगड सापडेपर्यंत दर हिवाळ्यात जाईन. सापडला तर आधी तुमचं नाव, मग माझं. आणि शंख तळ्यातलाच निघाला तर तसंच लिहीन. त्याच्यावरही नाव तुमचंच राहील.

तुमची,
शीला